जॉन लेननचं "यू नो" मराठीत लिहायचं कसं? की गाळायचंच?

गॅलरीतली_खुर्ची

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सवडीने वाचा. माझे बाबा ७२ वर्षांचे आहेत आणि शाळेपासून बीटल्सचे, म्हणजे लेननच्या त्या चौघांच्या इंग्लिश बँडचे भक्त. गेली चार वर्षं त्यांना ऐकू कमी येतं. गाणी अजून ऐकतात कारण ती पाठच आहेत, अर्धी कानाने आणि अर्धी आठवणीने ऐकतात असं मला वाटतं, पण मुलाखती लावल्या की पाच मिनिटांत हेडफोन काढून ठेवतात आणि म्हणतात आवाज येतोय गं पण शब्द येत नाहीत. खाली इंग्रजी सबटायटल लावून बघितले तर ते इतके पळतात की एक ओळ वाचेपर्यंत दुसरी निघून जाते. म्हणून मी ठरवलं की एकेक मुलाखत ऐकायची, मराठीत लिहून काढायची आणि मोठ्या टाइपात प्रिंट काढून त्यांना द्यायची. सुरुवात शिकागोच्या पत्रकार परिषदेपासून केली, ११ ऑगस्ट १९६६ ची, आम्ही येशूपेक्षा लोकप्रिय आहोत या वाक्यावरून वाद झाल्यावर लेननला खुलासा करावा लागला होता ती. आता रोलिंग स्टोन मासिकाच्या यान वेनरने डिसेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कला घेतलेली ती प्रचंड मोठी मुलाखत घेतलीये, तिचे तुकडे तुकडे करतेय.

अडचण अशी आहे की हा माणूस "यू नो" म्हटल्याशिवाय बोलतच नाही. त्याच्या जोडीला "आय मीन", "सॉर्ट ऑफ", "ऑर व्हॉटेव्हर", "अँड ऑल दॅट". पहिल्यांदा मी प्रत्येक यू नोचं "तुम्हाला माहीत आहे" केलं तर तो लेनन न वाटता वर्गात धडा समजावणारा मास्तर वाटायला लागला. मग सगळे उडवले, वाक्यं स्वच्छ केली, मला स्वतःला ते पान फार आवडलं होतं. बाबांनी शांतपणे सगळं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मजकूर कळला. पण हा जॉन बोलत नाहीये, पेपरवाला बोलतोय."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. तर विचारायचं हे की असे भरीचे शब्द मराठीत आणताना तुम्ही काय करता? ठेवता, गाळता की बदलता? आणि यू नोला आपल्याकडे नेमकं काय म्हणायचं?

सबटायटलवाली

ताई, मी सबटायटलचंच काम करते त्यामुळे आमच्या बाजूने आधी सांगते. आमच्याकडे असले शब्द सगळ्यात आधी उडतात, कारण स्क्रीनवर फार तर दोन ओळी मिळतात, एका ओळीत चाळीसेक अक्षरं, आणि माणूस तेवढ्यात वाचून पुढे गेला पाहिजे. पण ते आम्हाला परवडतं कारण तिथे आवाज आणि चेहरा समोर असतो, प्रेक्षक ते अडखळणं कानाने आणि डोळ्याने घेतच असतो, आम्ही फक्त अर्थाची काठी हातात देतो. तुमच्या बाबांच्या कागदावर आवाजही नाही आणि चेहराही नाही. तिथे आमचा नियम लावला तर माणूसच गायब होणार, बाबा अगदी बरोबर बोललेत.

दुसरं म्हणजे यू नोसाठी एकच मराठी शब्द ठरवू नका, कारण ते एक काम करतच नाही. वाक्याच्या तोंडाशी आलं तर बहुतेक वेळा तो समोरच्याला जवळ ओढतोय, तिथे आपलं "हे बघ" किंवा "कसंय ना" बसतं. मधेच आलं तर शब्द शोधतोय, तिथे "म्हणजे" किंवा नुसतं "आपलं ते हे" चालतं. आणि शेवटी आलं, आवाज खाली जाऊन, तर ते आपलं "ना" आहे. "फार दमलो होतो ना आम्ही" यातला ना. इंग्रजीला दोन शब्द लागतात तिथे आपल्याला एक अक्षर पुरतं. मी काय करते, आधी अर्थाकडे न बघता नुसतं ऐकते आणि कच्च्या कागदावर पेन्सिलने खूण करते, आवाज वर गेला, खाली गेला की तिथेच लोंबकळला. शब्द नंतर निवडायचा. एक तास जास्त लागतो पण करून बघा.

कॅसेट_साइड_बी

विषय बघून राहवलं नाही. पहिली गोष्ट, यू नो ही एकट्या लेननची सवय नाहीये. चौघा बीटल्सच्या कुठल्याही मुलाखती काढा, पॉल म्हणतो, जॉर्ज म्हणतो, रिंगो म्हणतो, त्या वयाची लिव्हरपूलची पोरं तशीच बोलायची. आणि लेननचं तर असं की तो मेंडिप्समध्ये वाढला, मेनलव्ह अव्हेन्यूवरचं मिमी मावशीचं चांगलं ऐसपैस घर, मावशीला ती लिव्हरपूलची रांगडी बोली बिलकुल पसंत नव्हती आणि याने ती उलट आणखी ठसठशीत करून बोलायला घेतली. त्यामुळे त्याच्या बोलण्यातला गावठीपणा काढून टाकणं म्हणजे एका अर्थी मावशीचं ऐकण्यासारखं आहे, जे त्याने आयुष्यभर केलं नाही.

बोलीवरून घरच्यांशी वाद व्हायचेच. पॉलने सांगितलेली गोष्ट आहे, शी लव्हज यू हे गाणं लिहून झालं तेव्हा त्याच्या वडिलांनी ऐकलं आणि म्हणाले, बाळांनो आधीच अमेरिकन शब्द कमी आहेत का, ते "येह येह येह" काढा आणि "येस येस येस" म्हणा. १९६३ ची गोष्ट. पोरांनी ऐकलं नाही आणि ते येह येह येहच पुढे त्यांची ओळख होऊन बसलं. रिंगोच्या तोंडून निसटलेल्या उलट्यासुलट्या बोलण्यातून तर अ हार्ड डेज नाइट हे सिनेमाचं आणि गाण्याचं अख्खं शीर्षक आलं. या लोकांचं बोलणं आणि गाणं यात भिंतच नव्हती.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी लिहायला बसलो. यू नो मराठीत कसं न्यायचं याचं उत्तर लेननने स्वतः गाण्यात देऊन ठेवलंय. रेव्होल्यूशन हे गाणं आठवा. समोरचा म्हणतो मला क्रांती पाहिजे, आणि पुढची अख्खी ओळ काय आहे? "वेल, यू नो." बस एवढीच ओळ. मग पुढे, जग बदलायचं तर आपल्या सगळ्यांनाच आहे. तीन कडवी आहेत आणि प्रत्येकात दोनदा हे येतं, म्हणजे एकूण सहा वेळा. हे भरीचं असेल का? मीटर भरायला आणखी पन्नास शब्द मिळाले असते. तो समोरच्याशी असहमत आहे पण मित्रासारखा असहमत आहे, तोंडावर नाही म्हणायच्या आधी खांद्यावर हात ठेवतोय, आणि तो हात म्हणजे हे वेल यू नो. या गाण्याचा विचार आपण भारतात, डोंगरात असताना करत होतो हे त्याने त्याच १९७० च्या मुलाखतीत सांगितलंय, म्हणजे १९६८ च्या सुरुवातीला, ऋषीकेशला. (त्याच वर्षी जानेवारीत जॉर्ज मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेला होता, दि इनर लाइट या बीटल्सच्या गाण्याचा वाद्यमेळ तिथलाच, बासरी हरिप्रसाद चौरसियांची. तुमच्या बाबांना हे माहीत असणारच पण नसेल तर जरूर सांगा.) गाण्याच्या संथ आवृत्तीत तर तो मोडतोडीच्या बाबतीत मला "बाहेर" धरा म्हणतो आणि लगेच "आत" असंही म्हणतो. ठरलेलं नव्हतं त्याचं. ज्याचं ठरलेलं नसतं तो असंच बोलतो ना.

मला विचाराल तर तिथे "कसंय ना" हेच. "तू म्हणतोस क्रांती पाहिजे, कसंय ना, जग बदलायचं तर सगळ्यांनाच आहे." म्हणून बघा मोठ्याने.

निवृत्त_मास्तर

चर्चा फार आवडली. मी चौतीस वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवलं, बीटल्सबद्दल मला फारशी माहिती नाही, पण भरीच्या शब्दांबद्दल दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

आपल्याकडे याला फार जुनं नाव आहे, पादपूरण. अमरकोशात ओळच आहे, "तु हि च स्म ह वै पादपूरणे", म्हणजे श्लोकाचा चरण पुरा करायला ही अव्ययं वापरतात. शाळेत मुलं विचारायची, सर या "वै"चा अर्थ काय, आणि मी पहिली काही वर्षं सांगायचो की काही नाही, भर आहे, सोडून द्या. नंतर नंतर श्लोक मोठ्याने म्हणताना मला जाणवायला लागलं की तो वै काढला तर चरण लंगडा होतोच, पण बोलणाऱ्याचा जोरही जातो. तिथे कोणीतरी कोणालातरी सांगतंय हे त्या एका अक्षरामुळे कळत असतं. मग मी मुलांना सोडून द्या म्हणायचं बंद केलं.

दुसरं, माणसाच्या तोंडी बसलेल्या अशा शब्दाला आपण मराठीत काय म्हणतो? पालुपद. "झालं याचं पालुपद सुरू." आणि पालुपद मुळात काय, तर पदाचं ध्रुवपद, कडवं संपलं की पुन्हा जिथे यायचं ती ओळ. म्हणजे बोलण्यातल्या सवयीला आपल्या भाषेने गाण्यातलाच शब्द दिलेला आहे. संगीतकाराच्या यू नोला याहून चांगला शब्द कुठून आणणार! कीर्तनात बघा, बुवा आख्यान सांगता सांगता "बरं का मंडळी" म्हणतात, त्यात नवीन माहिती काही नसते, पण तेवढ्यात मागची माळ सावरून बसते, टाळकरी तयार होतो, बुवांना पुढचा दृष्टांत आठवतो. ते काढून कीर्तन छापलं तर निबंध होतो. मी अशी छापलेली कीर्तनं वाचली आहेत, अर्थ सगळा असतो आणि बुवा कुठेच नसतात.

गॅलरीतली_खुर्ची ताई, "तुम्हाला माहीत आहे" मात्र कुठेही ठेवू नका. मराठीत तसं फक्त ज्याला खरंच माहीत आहे अशा माणसालाच म्हणतात. यू नोमध्ये ते "माहीत असणं" केव्हाच झिजून गेलंय, आपल्या "म्हणजे"मधलं "म्हणणं" झिजलंय तसंच.

सरळ_वाचक

मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. बोलणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवाळी अंकात आपल्या गायकांच्या मुलाखती छापतात, त्यात कोणी अडखळताना दिसतो का? संपादक नीट बसून सगळं साफ करतो आणि ते त्या कलाकाराच्या आदरापोटीच करतो. माझी स्वतःची एकदा गावच्या एका वार्षिकात मुलाखत आली होती आणि छापणाऱ्याने माझं प्रत्येक "ते आपलं" आणि "काय म्हणतात त्याला" तसंच्या तसं ठेवलं, मला ते वाचताना फार लागलं, दोन दिवस घराबाहेर पडावंसं वाटलं नाही. मी तसा बोलतो हे खरं आहे. पण मी जे सांगत होतो, आमच्या तालमीबद्दल, आमच्या वस्तादांबद्दल, ते कोणाच्या लक्षातच राहिलं नाही, सगळे मला ते आपलं ते आपलं करून दाखवायला लागले. आपल्या मोठ्या कलाकारांना जी सवलत देतो ती लेननलाही द्यावी. विचार महत्त्वाचा आहे. सवय नाही.

कॅसेट_साइड_बी

सरळ_वाचक दादा, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, छापणाऱ्याने तुम्हाला आधी एकदा दाखवायला हवं होतं. आणि तुमचा मुद्दा मनापासून पटण्यासारखाही आहे, पण लेननच्या बाबतीत याच साफ करण्यावरून काय घडलं ते सांगतो, कारण ताईंनी शिकागोच निवडलंय.

मार्च १९६६ मध्ये लंडनच्या इव्हनिंग स्टँडर्डमध्ये मॉरीन क्लीव्हचा लेख आला. क्लीव्ह त्याच्या चांगल्या ओळखीची होती, घरी जाऊन गप्पा मारल्यासारखी मुलाखत होती. त्यात लेननची वाक्यं आहेत की ख्रिश्चन धर्म जाईल, विरून जाईल, आक्रसेल, त्यावर मला वाद घालायचा नाही, माझं बरोबर आहे आणि ते सिद्ध होईल. आणि पुढे ते आम्ही आता येशूपेक्षा जास्त लोकप्रिय आहोत. वाक्यं बघा, तोडून टाकलेली, एकही यू नो नाही, एकही आय मीन नाही. माझा क्लीव्हवर काही आक्षेप नाही, छापील मजकूर असाच असतो आणि इंग्लंडमध्ये त्यावर कोणी फारसं बोललंही नाही, कारण तिथल्या वाचकाच्या कानात लेननचा आवाज होता, तो बोलतो कसा हे त्यांना माहीत होतं. पण जुलैच्या शेवटी अमेरिकेत डेटबुक नावाच्या मासिकाने ती मुलाखत छापली आणि त्यातलं एक वाक्य मुखपृष्ठावर टाकलं. आता तिथे आवाजही नाही आणि बाजूचा मजकूर कोणी बघतही नाही. नुसती घोषणा. दक्षिणेत रेडिओ स्टेशनांनी गाणी बंद केली, रेकॉर्ड जाळल्या, आणि दौरा तोंडावर आलेला.

आणि मग शिकागोतला तोच माणूस ऐका. मी म्हणत नाही की आम्ही चांगले आहोत की मोठे आहोत, किंवा आमची तुलना करतोय येशूशी माणूस म्हणून, किंवा देव एक वस्तू म्हणून, "ऑर व्हॉटेव्हर इट इज". मी जे बोललो ते बोललो आणि ते चुकलं. किंवा चुकीचं घेतलं गेलं. आणि आता हे सगळं. वाक्य सुरू होतं, फाटा फुटतो, परत येतं, एकदा कबुली देतो आणि पुढच्या श्वासात ती थोडी मागे घेतो. दूरदर्शन येशूपेक्षा लोकप्रिय आहे म्हटलं असतं तर निभावलं असतं, असंही त्याने तिथे सांगितलं, पण त्याच्या आधी "आय सपोज" आहे, म्हणजे "मला वाटतं". पंचविशीतला पोरगा आहे, कोंडीत सापडलाय आणि खोटंही बोलायचं नाहीये. हे ज्याला साफ करायचंय त्याने जरूर करावं, पण मग त्यातून एक तर नुसती माफी उरेल किंवा नुसता हट्ट, आणि खरं जे होतं ते दोन्हीच्या मधे होतं आणि ते मधलं सगळं त्या ऑर व्हॉटेव्हरमध्येच आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की हे शब्द काढले की बोलणारा आहे त्यापेक्षा जास्त ठाम दिसायला लागतो. जो खरंच ठाम आहे त्याचं काही बिघडत नाही. जो विचार करत करत बोलतोय त्याचं फार बिघडतं. आणि लेननला ठाम, तयार वाक्य टाकायचं असेल तेव्हा तो टाकायचाच. नोव्हेंबर १९६३, रॉयल व्हरायटीचा कार्यक्रम, समोर राजघराणं, तेव्हा म्हणाला ना, स्वस्तातल्या खुर्च्यांवरच्यांनी टाळ्या वाजवा, बाकीच्यांनी दागिने खुळखुळवा. त्यात कुठे आहे यू नो? ते ठरवून आणलेलं वाक्य होतं. यू नो नसणं हीसुद्धा खूण आहे, आणि बाकी ठिकाणी ते ठेवलं तरच ही खूण दिसेल.

कानमंत्र_नाशिक

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करणारी तज्ज्ञ आहे, वेगळ्या वाटेने येते. ताई, बाबा म्हणतात आवाज येतो पण शब्द येत नाहीत, हे वयाने येणाऱ्या बहिरेपणाचं अगदी नेहमीचं वर्णन आहे. आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. म्हणजे स्वर ऐकू येतात, आ ओ ई कळतात, पण स, फ, थ, त असली व्यंजनं निसटतात आणि शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांवरून. त्यात लिव्हरपूलची बोली अशी की त ट क हे आवाज आधीच मऊ होऊन हवेत विरल्यासारखे निघतात. त्यामुळे बाबांना तिथे जास्त त्रास होणं साहजिक आहे, त्यांच्या इंग्रजीचा दोष नाही. कानाचं मशीन लावत नसतील तर एकदा तपासणी जरूर करून घ्या, आणि लावत असतील तर किती वर्षांपूर्वी ट्यून केलंय ते बघा.

पण यात एक गोष्ट आहे जी कदाचित उपयोगी पडेल. व्यंजनं गेली तरी चाल राहते. आवाज कुठे चढला, कुठे उतरला, कुठे थांबला हे त्यांना अजून चांगलं कळत असणार, कारण ते खालच्या पट्टीत असतं. म्हणजे बाबांच्या कानात लेननच्या बोलण्याची लय पूर्ण शाबूत आहे, फक्त शब्द नाहीत. आणि तुम्ही दिलेल्या कागदावर शब्द पूर्ण होते, लय नव्हती. म्हणून त्यांना दोन्ही जुळेनात. माझी सूचना, कागद हातात देऊन तोच तुकडा त्यांना हेडफोनवर लावा. मराठी वाक्याचे थांबे जर इंग्रजीच्या थांब्यांवर पडले तर भाषा वेगळी असूनही त्यांना जुळल्यासारखं वाटेल. यू नो तिथे फार कामाला येईल, कारण तो थांबा आहे.

"अं" आणि "अंम" सुद्धा एकसारखे नसतात हं. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ मध्ये इंग्रजीवर केलेलं काम आहे, त्यात त्यांना दिसलं की छोटा थांबा येणार असेल तर माणूस एक आवाज काढतो आणि मोठा येणार असेल तर दुसरा, जणू ऐकणाऱ्याला आधीच सांगतो की थांब, मी येतोय. आम्ही वाचा-उपचारात येणाऱ्या पालकांनाही सांगतो की मूल "अं" करतंय म्हणून त्याला टोकू नका, ते तोतरेपण नाहीये, ते शब्दाची वाट बघतंय.

गॅलरीतली_खुर्ची

सगळ्यांचे मनापासून आभार, मला एवढी अपेक्षा नव्हती. चार दिवस गायब होते कारण तुम्ही सांगितलं ते करून बघत होते.

सबटायटलवाली ताईंची पेन्सिलची युक्ती केली. वेनरच्या मुलाखतीतला एकच तुकडा घेतला, तोच, भारतातल्या डोंगरांचा. तीनदा नुसता ऐकला, बाण काढले वर खाली. आणि खरंच, वरचे यू नो आणि खालचे यू नो वेगळे आहेत! वरचे बरेचसे तो वेनरला विचारल्यासारखे म्हणतो, येतंय ना लक्षात असे, आणि खालचे तो स्वतःशीच म्हणतो. मी वरच्यांना "कळतंय ना" केलं, खालच्यांना नुसतं "ना", आणि दोन ठिकाणी "कसंय ना". काही खरंच गाळले, सरळ_वाचक दादा, तुमचं ऐकून, एका वाक्यात तीन तीन होते तिथे एक ठेवला, कारण तिसऱ्याला माझंच लक्ष मजकुरावरून उडत होतं. तुम्ही तालमीबद्दल जे लिहिलंत ते मला विसरता येत नाहीये. कधी वेळ झाला तर वस्तादांबद्दल इथे सविस्तर लिहा, मी वाचेन.

मग कानमंत्र ताईंनी सांगितलं तसं कागद दिला आणि हेडफोन लावला. बाबा बोटाने ओळ धरून वाचत होते. पहिल्यांदा माझी ओळ पुढे आणि लेनन मागे असं होत होतं, मी दोनदा थांबवून परत लावलं. तिसऱ्यांदा एका "ना" ला त्यांचं बोट आणि लेननचा आवाज एकाच वेळी थांबले. बाबांनी माझ्याकडे बघितलं, हेडफोन काढला नाही, नुसती मान हलवली आणि पुढे वाचत राहिले. अकरा मिनिटांचा तुकडा पूर्ण ऐकला. चार वर्षांत पहिल्यांदा.

नंतर त्यांनी माझ्या प्रिंटवर स्वतः दुरुस्त्या केल्यात. शिकागोच्या पानावर "ऑर व्हॉटेव्हर इट इज"चं मी "किंवा जे काही असेल ते" केलं होतं, ते खोडून त्यांनी "की काय ते" लिहिलंय. "देव एक वस्तू म्हणून, की काय ते." मला आधी ते फार तुटक वाटलं, मग मोठ्याने वाचलं. मास्तर, तुम्हाला काय वाटतं, व्याकरणाने चालेल का?

निवृत्त_मास्तर

चालेल कसलं, तेच ठेवा. "जे काही असेल ते" म्हणणारा माणूस शांत बसलेला असतो. "की काय ते" म्हणणाऱ्याच्या अंगावर माइक आलेले असतात. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांनी आणखी काय काय खोडलंय तेही इथे टाका.

सबटायटलवाली

मला त्या पेन्सिलच्या पानाचा फोटो बघायचाय, बाणांसकट. आणि पुढची मुलाखत कुठली घेताय?

गॅलरीतली_खुर्ची

फोटो संध्याकाळी टाकते. पुढची १९८० ची रेडिओची घ्या म्हणतायत बाबा, ८ डिसेंबरची, त्याच दिवशी रात्री तो गेला ती. मी म्हटलं बाबा ती नको, आधी दुसरी घेऊ. तर म्हणाले, नाही, तीच घे, त्यात तो खूप वेळ आणि खुशीत बोललाय असं मी ऐकलंय, आणि एकही यू नो काढू नकोस.